पाळणा घरात, काम दारात. पण मजुरीचा हिशेब कोणाच्या हातात?

नृसिंहवाडीच्या बाजारात उधारी-वसुलीच्या निमित्ताने आमचे वर्षानुवर्षे येणे-जाणे आहे. पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी यांसाठी हे गाव महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. दत्तमंदिरामुळे गुरुवारी आणि पौर्णिमेला येथे पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका फेरीत, एका कापड दुकानाच्या पायरीवर, तीन महिन्यांचे मूल खांद्यावर घेतलेली एक तरुण बाई आम्हाला म्हणाली, "चाचा, मी इचलकरंजीला शिलाईच्या कारखान्यात जात होते. आता बाळ झालं. बसने रोज जाणं-येणं होत नाही. घरी करण्यासारखं काही काम असेल तर द्या. वेळ माझा मी काढीन."

हा प्रश्न एकट्या त्या बाईचा नाही. इचलकरंजी, जयसिंगपूर, कुरुंदवाड, कोठेही जा, बाळंतपणानंतर हातचे काम सुटलेल्या मुली प्रत्येक गल्लीत भेटतील. हात कसबी आहेत, घरात पैशाची निकड आहे, पण पाळण्यापासून लांब जाता येत नाही. अशा वेळी "घरबसल्या काम" हे शब्द कानाला गोड लागतात. मात्र आम्ही स्वतः असे काम वाटणारे व्यापारी आहोत. म्हणून या गोडीत कडू काय आहे, हे सांगण्याची पहिली जबाबदारी आमचीच आहे.

कायदा कोणापर्यंत पोहोचतो?

नोकरदार बाईसाठी कायद्याने बरेच केले आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची अट आली. कामाचे स्वरूप तसे असेल, तर रजेनंतर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची सोयही त्यात घालण्यात आली. ज्या भगिनी नोंदणीकृत कारखान्यात, शाळेत, बँकेत किंवा कचेरीत आहेत, त्यांनी नोकरी सोडण्याआधी हा हक्क मागून पाहावा. कित्येकजणी न विचारताच राजीनामा देतात आणि नंतर हळहळतात.

परंतु नगावर काम करणाऱ्या बाईला यातले काय मिळते? तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते. ती कामगार आहे, हेच कोणी लिहून ठेवलेले नसते. विडी उद्योगात मात्र वेगळे घडले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना त्याचा आधार झाला. पुढे १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरून काम करणाऱ्यांसाठी वेगळा करार मंजूर केला. त्याचे सार एवढेच, की घरी काम करणाऱ्याला इतर मजुरांसारखीच वागणूक मिळावी. शिलाई, धागे कापणे, फॉल-पिको अशा कामांत आपण अजून तिथपर्यंत आलेलो नाही.

इचलकरंजीचा धडा

विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि त्यातून हे कापडाचे शहर उभे राहिले. आजही तेथे हजारो माग "खर्ची"वर चालतात. व्यापारी बिम आणि सूत देतो, खर्चीवाला कापड विणून देतो आणि पिकाच्या हिशेबाने मजुरी घेतो. माग त्याचा, जागा त्याची, विजेचे बिल त्याचे. त्यामुळे एका पिकामागे एखादा पैसा कमी-जास्त झाला तरी खर्चीवाला भांडतो, संघटनेकडे जातो, बैठका होतात. त्याने भांडलेच पाहिजे. त्याचा संसार त्या पैशावर उभा आहे.

आता नीट पाहा. घरी परकर शिवणारी बाई ही साखळीतली शेवटची खर्चीवालीच नव्हे काय? मशीन तिचे, दोरा तिचा, वीज तिची, माल ठेवायला जागाही तिचीच. फरक एवढाच, की तिला दर विचारण्याचे धाडस होत नाही आणि तिची संघटना नाही. आम्हा व्यापाऱ्यांना ती परवडते, कारण तिला घराबाहेर पडता येत नाही. ही गोष्ट कबूल करायला जड जाते, पण ती खरी आहे.

तासाचा हिशेब मांडा

काम घेण्यापूर्वी प्रत्येक बहिणीने एक छोटे गणित करावे. समजा, एका परकराला ८ रुपये शिलाई ठरली आणि तासाला ५ परकर होतात. वरवर पाहता तासाला ४० रुपये पडले. चार तासांत २० परकर, म्हणजे १६० रुपये. त्यातून दोरा, सुई, तेल आणि वीज यांचे नगामागे १ रुपया धरला तर २० रुपये गेले. माल आणण्या-पोहोचविण्याचे भाडे आणखी २० रुपये. राहिले १२० रुपये. शिवाय धागे कापणे, नाडी घालणे आणि घड्या यांत एक तास गेला, ने-आण करण्यात दुसरा तास गेला. म्हणजे काम झाले सहा तासांचे आणि तासाला पडले अवघे २० रुपये. चाळीसाचे वीस कसे झाले, हे कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही.

हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकीने आपले आकडे घालावेत आणि येणारी रक्कम सरकारने जाहीर केलेल्या किमान वेतनाशी ताडून पाहावी. किमान मजुरी जशी वेळेवर ठरते तशी नगावरही ठरू शकते, हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच होते. तेव्हा "नगाचे काम आहे, त्याला कसले किमान वेतन?" असे कोणी म्हटले, तर ते मान्य करू नये.

आमच्या पेढीवर घडलेली चूक

नृसिंहवाडीच्या त्या भगिनीला आम्ही पॉपलिनच्या परकरांचे कटिंग दिले. पहिले दोन हप्ते सुरळीत गेले. तिसऱ्या हप्त्यात आमच्या दिवाणजीने अकरा नगांची मजुरी कापली. कारण काय, तर कापडावर डाग होते. बाई म्हणाली, "डाग माझ्या घरचे नाहीत." दिवाणजी म्हणाला, "घरात लहान मूल आहे, डाग पडणारच." तिच्याजवळ लिहिलेले काही नव्हते. ती गप्प बसली आणि उरलेले पैसे घेऊन गेली.

चार दिवसांनी त्याच गाठीतले उरलेले कापड आम्ही स्वतः उलगडून पाहिले. त्यावरही तसेच डाग होते. ते मागाच्या तेलाचे डाग होते. कापडाच्या धंद्यात केस पिकलेल्या माणसाला ते ओळखता येऊ नयेत, याची आम्हाला शरम वाटली. आम्ही पैसे परत पाठविले. पण पैसे परत गेले म्हणजे "घरात मूल आहे" हा टोमणा परत घेता येतो काय?

त्या दिवसापासून आमच्या पेढीवर जोडवही ठेवली जाते. एक प्रत आमच्याकडे, एक बाईकडे. त्यात पाच गोष्टी लिहितो : किती नग दिले, दर काय, दोरा कोणाचा, माल देताना कोणते दोष होते आणि पैसे कोणत्या दिवशी मिळणार. सहावी गोष्ट नृसिंहवाडीने शिकविली. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे हे गाव २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाण्यात गेले. पूर आला तर घरात ठेवलेल्या मालाचे नुकसान कोणाचे? ते व्यापाऱ्याचे, असे आम्ही लिहून देतो. जिचा पाळणाच माळ्यावर चढवावा लागतो, तिच्याकडून कापडाच्या गठ्ठ्याची भरपाई मागणे माणुसकीला धरून नाही.

कोणते काम घ्यावे?

मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे लिज्जत पापडची संस्था झाली. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या संस्थेची पद्धत लेकुरवाळ्या बाईला सोयीची आहे. पीठ केंद्रात मळले जाते, बाई ते घरी नेते, सवडीने लाटते, दुसऱ्या दिवशी पापड देऊन मजुरी घेते. तिला भांडवल घालावे लागत नाही, विक्रीची चिंता नाही. आणि मुख्य म्हणजे ती मजूर नसून भागीदार आहे. नफ्या-तोट्यात तिचा वाटा असतो.

एकटीला असे जमणार नाही, पण चार-पाच जणींना जमेल. एका गल्लीतल्या पाच जणींनी मिळून गठ्ठा आणला तर भाडे पाचात वाटले जाते आणि दर विचारायला आवाजही पाच जणींचा होतो. बचत गटांचे जाळे आता गावोगाव आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून या कामात आहे. शिंपीकाम करणाऱ्यांसाठी २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५ हजार रुपयांची मदत आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंतचे ५ टक्के व्याजाचे कर्ज ठेवण्यात आले. मशीन घेण्यासाठी सावकाराकडे जाण्याआधी ही चौकशी करावी.

काही कामे मात्र बाळ लहान असेपर्यंत टाळलेलीच बरी. तंबाखूची धूळ, रंगाचा उग्र वास आणि पाळण्याजवळ विखुरलेल्या सुया, मण्या-टिकल्या यांपासून अपाय होतो. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध हवे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा ज्या कामातून मधेच उठता येत नाही, ते काम या दिवसांत उपयोगाचे नाही. सव्वा महिना तर कामाचे नावही काढू नये.

पैसे मागणाऱ्यापासून सावध

मोबाइलवर "घरबसल्या पेन्सिल पॅकिंग करा, महिना तीस हजार कमवा" अशा जाहिराती येतात. आधी नोंदणीचे पाचशे-हजार रुपये भरा, मग माल पाठवू, असे सांगतात. मालही येत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. धंद्याचा साधा नियम लक्षात ठेवावा : काम देणारा पैसे देतो, मागत नाही. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

व्यापारी बांधवांना विनंती

आमच्या बांधवांना आम्ही दान-धर्म करायला सांगत नाही. तो ज्याचा त्याने करावा. आम्ही फक्त वहीत खरे आकडे लिहायला सांगतो. जोडवहीमुळे आमचा नफा थोडा घटला, हे खरे. पण कटिंग वाया जाणे कमी झाले, माल वेळेवर येऊ लागला आणि सणाच्या तोंडावर आम्हाला कारागीर शोधत फिरावे लागत नाही.

त्या भगिनीचे बाळ आता चालू लागले आहे. मागच्या महिन्यात ती शेजारच्या तिघींना घेऊन आमच्या पेढीवर आली. खाली बसण्याआधीच तिने पिशवीतून आपल्याकडची प्रत काढली आणि म्हणाली, "चाचा, दर वाढवायचा तर आजच्या तारखेने लिहा." आम्ही दर वाढवून लिहिला.