हुंडेकरी आणि परदेशी निघालेले बिऱ्हाड

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘हुंडेकरी’ हा शब्द नोंदलेला आहे. एका गावचा माल दुसऱ्या गावी पोहोचविण्याचा, आणि वाटेवरील जकाती व इतर पट्ट्या स्वतःच भरण्याचा, एकरकमी मक्ता जो घेतो तो हुंडेकरी. अशा मक्त्याने ठरलेल्या भाड्यास ‘हुंडेभाडे’ म्हणत. मालधन्याने एकदा रक्कम ठरविली की कोणत्या नाक्यावर किती द्यावे लागले याची विचारपूस त्याने करावयाची नाही आणि हुंडेकऱ्यानेही ती सांगावयाची नाही. शब्दाच्या अर्थातच जबाबदारीची सीमा आखलेली होती. आज हा शब्द आडनावापुरता उरला आहे. परंतु घरसंसार परदेशी हलविताना वाहतूक कंपनी कशी निवडावी, या सध्या अनेकांना पडणाऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली मला या विस्मृत शब्दात दिसते.

प्रश्न पडतो तो विशेषतः माणसारख्या गावी. मुळशी तालुक्यातील हे गाव हिंजवडीला लागून आहे, आणि राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा याच गावच्या भूमीवर पसरला आहे. याच तालुक्यात १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. त्या काळी येथे ‘बिऱ्हाड उचलणे’ याचा अर्थ जमीन बुडणे असा होता. आज त्याच परिसरातील नोकरदार कुटुंबे आपखुशीने, दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीवर वा कायमची, जर्मनी, इंग्लंड, अमेरिका वा ऑस्ट्रेलिया येथे जातात. न्हावाशेवा बंदर येथून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. अंतर थोडे, तथापि दारातून निघालेली पेटी परक्या देशातील दारात पोहोचेपर्यंत किती हातांतून जाते, याची कल्पना बहुधा निघणाऱ्यास नसते.

ती साखळी आधी पाहू. ज्याच्याशी आपण बोलतो आणि ज्याला पैसे देतो तो झाला सौदा करणारा. सामान बांधणारे कामगार पुष्कळदा दुसऱ्याचे असतात. जहाजावरील जागा घेणारा मालवाहतूक दलाल तिसरा, प्रत्यक्ष जहाजकंपनी चौथी, आणि परदेशातील बंदरावर माल सोडवून घरी पोहोचविणारा तेथील प्रतिनिधी पाचवा. या पाचांशी मिळून आपला करार आहे, की पहिल्याशीच? आणि पहिल्याने पाचव्याचे पैसे चुकते केले नाहीत तर माल कोणाच्या ताब्यात राहील? जुना हुंडेकरी या पाचही जागी एकटा उभा असे. आजची कंपनी तशी उभी आहे की नाही, हे तिच्या जाहिरातीवरून कळत नाही. ते कागदावरील शब्दांवरून कळते.

माण येथे राहणाऱ्या एका परिचिताने तीन कंपन्यांचे अंदाजपत्रक मला वाचावयास दिले होते. घर एकच, सामानही तेच. एकीने ते ३१० घनफूट धरले, दुसरीने ४२०, तिसरीने ४४०. पहिलीचा आकडा अर्थातच सर्वांत कमी, आणि तिचीच निवड झाली. तिने घर प्रत्यक्ष येऊन पाहिले नव्हते. दूरध्वनीवर विचारून आकडा लिहिला होता. बांधणी झाल्यावर सामान भरले ४३० घनफूट, आणि वाढीव भाडे सामान परदेशातील गोदामात अडकल्यावर मागण्यात आले. करारात ‘अंदाजे’ हा एकच शब्द होता, आणि त्या शब्दावर सर्व भार पडला. कंपनीचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष एका कंपनीचा नसून अशा अंदाजपत्रकांच्या भाषेचा आहे. जी कंपनी खोलीखोलीतून फिरून किंवा निदान चलच्चित्राद्वारे प्रत्येक कपाट उघडून पाहते, आणि ठरलेली रक्कम बंधनकारक की बदलणारी हे स्पष्ट शब्दांत लिहून देते, तिचा आकडा मोठा असला तरी तोच खरा स्वस्त असण्याचा संभव अधिक.

मापाविषयी थोडे. समुद्रमार्गे जाणाऱ्या घरगुती सामानाचे भाडे वजनावर नव्हे, आकारमानावर ठरते; विमानमार्गात मात्र वजन व आकारमान यांतील जे जड पडेल ते धरतात. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर, चाळीस फुटी कंटेनरमध्ये त्याच्या दुपटीहून किंचित अधिक माल मावतो. सदनिकेतील संसार बहुधा एवढा नसतो. म्हणून तो इतरांच्या मालासह सामायिक कंटेनरमध्ये जातो, आणि कंटेनर भरेपर्यंत थांबतो. हा थांबण्याचा काळ अंदाजपत्रकात क्वचितच लिहिलेला असतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजकंपन्यांनी आपली जहाजे सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून नेली, तेव्हा युरोपच्या प्रवासात दहा-बारा दिवसांची भर पडली. अशा वेळी गोदामाचे भाडे कोणी द्यावयाचे, हे आधी विचारलेले बरे.

‘दारापासून दारापर्यंत’ हा या व्यवसायातील सर्वांत लोकप्रिय शब्दप्रयोग होय. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास तो उद्बोधक वाटावा, कारण त्यात दोन टोके सांगितली आहेत आणि मधले काहीच सांगितलेले नाही. परदेशी बंदरावरील हाताळणी-शुल्क, सीमाशुल्क खात्याने पेटी उघडून वा क्ष-किरणांनी तपासली तर त्याचा खर्च, जिना चढविण्याची मजुरी, रस्त्यावर गाडी उभी करण्याचा परवाना, हे सारे त्या दोन दारांच्या मध्ये येते. जर्मन शहरांत घरासमोर तात्पुरती ‘वाहन उभे करण्यास मनाई’ जाहीर करून घ्यावी लागते. तिची व्यवस्था कोण करणार? ‘सर्वसमावेशक’ हे विशेषण पाहून समाधान न मानता समाविष्ट नसलेल्या खर्चांची यादी लेखी मागावी. जी कंपनी अशी यादी तत्परतेने देते तिच्याविषयी माझे मत चांगले होते.

आता कंपनीच्या ओळखीचा प्रश्न. बांधणी-वाहतुकीच्या व्यवसायात प्रसिद्ध नावाच्या मागे-पुढे एखादे अक्षर वा शब्द जोडून नवी नावे घेण्याची चाल फार आहे. म्हणून नाव हा पुरावा धरू नये. त्याऐवजी वस्तू व सेवाकराचा पंधरा अक्षरी क्रमांक वाचावा. तो नुसता क्रमांक नसून त्याला व्याकरण आहे. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत प्राप्तिकराचा पॅन क्रमांक. या पॅनचे चौथे अक्षर, म्हणजे पूर्ण क्रमांकातील सहावे, धारकाची जात सांगते: ‘सी’ असल्यास कंपनी, ‘एफ’ असल्यास भागीदारी पेढी, ‘पी’ असल्यास एक व्यक्ती. पावतीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापलेले आणि सहाव्या जागी ‘पी’, असे दिसले तर दोहोंपैकी एक विधान असत्य आहे हे समजावे. व्यक्तीने व्यवसाय करणे हा काही दोष नव्हे. दोष आहे तो दोन कागदांनी दोन गोष्टी सांगण्यात.

याखेरीज दोन गोष्टी पडताळाव्यात. आपल्या देशातून एकाहून अधिक साधनांनी परदेशी माल नेण्याची जबाबदारी घेणाऱ्यास १९९३ च्या बहुविध वाहतूक कायद्यान्वये नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक विचारावा. दुसरी गोष्ट व्यावसायिक संघांची. आंतरराष्ट्रीय स्थलांतर कंपन्यांचा ‘फिडी’ हा संघ १९५० मध्ये स्थापन झाला, आणि त्याच्या सदस्यांना ‘फेम’ या नावाच्या दर्जा-तपासणीतून ठराविक काळाने जावे लागते. अमेरिकेत १९६२ मध्ये सुरू झालेला ‘आयएएम’ हा संघ अधिक विस्तृत आहे. कंपनीच्या पत्रावर संघाचे चिन्ह असणे आणि संघाच्या सूचीत कंपनी असणे या भिन्न गोष्टी आहेत, सूची पाहावी. त्याचबरोबर परदेशातील प्रतिनिधीचे नाव व पत्ता आधीच मागून घ्यावा आणि त्याला स्वतः एक पत्र लिहून पाहावे. त्याच्या उत्तरावरून साखळीच्या पाचव्या दुव्याची पुष्कळ परीक्षा होते.

वर उल्लेखिलेल्या १९९३ च्या कायद्यात एक कलम आहे, ज्यात शब्दांचे मोल अक्षरशः पैशांत मोजले जाते. मालाचे स्वरूप व किंमत आधी जाहीर केलेली नसेल आणि नुकसान कोणत्या टप्प्यात झाले ते कळत नसेल, तर समुद्रमार्गाचा अंतर्भाव असलेल्या वाहतुकीत भरपाईची कमाल मर्यादा दर नगास ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोस २ एसडीआर, यांपैकी जी अधिक ती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन होय. पण ‘नग’ म्हणजे काय? वाहतुकीच्या दस्तऐवजात जेवढे नग मोजून लिहिले असतील तेवढे. समजा, साठ खोक्यांत बांधलेले १,२०० किलो सामान एका मोठ्या लाकडी पेटीत घातले. दस्तऐवजात ‘६० खोकी’ असे लिहिले तर मर्यादा सुमारे ४०,००० एसडीआर होते. ‘१ पेटी, घरगुती सामान’ एवढेच लिहिले तर ती वजनावर येऊन २,४०० एसडीआर उरते. लिहिणाऱ्या कारकुनास दोन्ही मजकूर सारखेच. मालधन्यास मात्र नव्हेत.

वाहकाची ही मर्यादित जबाबदारी आणि विमा या दोन गोष्टींची गल्लत फार होते. ‘विमा’ हा शब्द भय वा जोखीम या अर्थाच्या फारसी ‘बीम’शी जोडला जातो. आपल्याकडे जोखमी हुंडीही होती: माल सुखरूप पोहोचला तरच तिची रक्कम देय होई, म्हणजे हुंडी व विमा एकाच कागदात. आज वाहतूक कंपनी स्वतः विमा उतरवू शकत नाही. तिने विमा कंपनीचे पत्र आणून दिले पाहिजे. ते पत्र वाचताना तीन ठिकाणी थांबावे. संपूर्ण नाशाचीच भरपाई आहे, की मोडतोडीचीही? स्वतः बांधलेल्या खोक्यांतील वस्तूंना संरक्षण आहे काय? (बहुधा नसते.) आणि किंमत कोणत्या देशातील धरली आहे? आठ लाखांच्या सामानाचा चार लाखांचा विमा उतरविला आणि लाखाचे नुकसान झाले, तर अल्पविम्याच्या तत्त्वाने पन्नास हजारच हाती येतात.

विमा न उतरविणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले. २९ मार्चला ते निघाले, परंतु भरपाईच्या वादात जुलैपर्यंत अडकून पडले, आणि मालकाने ‘सामायिक हानी’ जाहीर केली. या प्राचीन सागरी नियमाप्रमाणे जहाज वाचविण्याचा खर्च त्यावरील प्रत्येक मालधन्याने आपल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात सोसावयाचा असतो. ज्याच्या पेटीला ओरखडाही आला नाही त्यालाही हमी वा अनामत रक्कम भरल्यावाचून ती मिळत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते.

सामानाची यादी हा माझ्या विषयाच्या सर्वांत जवळचा भाग. बांधणारे कामगार प्रत्येक वस्तूपुढे इंग्रजी आद्याक्षरे लिहितात: ‘एससी’ म्हणजे ओरखडा, ‘सीएच’ म्हणजे टवका, ‘पीबीओ’ म्हणजे मालकाने बांधलेले. सही करण्यापूर्वी ही सांकेतिक लिपी वाचावी, कारण नव्या कपाटापुढे ‘एससी’ लिहिले गेले की पुढील ओरखड्याची भरपाई संपली. वस्तूंची नावेही विचारपूर्वक लिहावीत. सोऱ्या, पुरणयंत्र, अडकित्ता, विळी यांना परदेशी अधिकाऱ्याच्या भाषेत नावे नाहीत. ‘किरकोळ’ लिहिले तर पेटी उघडली जाते, आणि ‘पाते असलेले हत्यार’ लिहिले तर अधिकच लवकर. ‘भाजी चिरण्याचे पाटयुक्त घरगुती साधन, वापरलेले’ असे वर्णनात्मक नाव सुरक्षित. ‘वापरलेले’ या विशेषणाला तर कायद्याचे बळ आहे: युरोपीय संघात व इंग्लंडमध्ये करमाफीसाठी वस्तू किमान सहा महिने, अमेरिकेत किमान एक वर्ष मालकाच्या वापरातील असावी लागते. निघण्याच्या आठवड्यात हौसेने घेतलेला नवा मिक्सर या व्याख्येत बसत नाही. चांगली कंपनी हे स्वतःहून सांगते.

लाकूड हा दुसरा अडथळा. बांधणीची कच्च्या लाकडाची पेटी गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला तीस मिनिटे तापविलेली, किंवा मान्य पद्धतीने धुरी दिलेली, आणि गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाचा शिक्का असलेली हवी. चाकण-पिंपरी पट्ट्यातून यंत्रांचे सुटे भाग परदेशी जात असल्याने असा शिक्का मारणारे बांधणीकार येथे दुर्मिळ नाहीत. ओळखीच्या सुताराकडून पेटी करवून घेणे मात्र महागात पडते. ऑस्ट्रेलियात पोळपाट-लाटणेही तपासले जाते. शिसवी देव्हारा न्यावयाचा असेल तर ‘डाल्बर्जिया’ वंशाच्या लाकडावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, त्याविषयी कंपनीस विचारावे.

आणि देव्हाऱ्यातील देव? १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी मूर्ती वा कलाकृती, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी साहित्यिक वा ऐतिहासिक मोलाची हस्तलिखिते, खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत. आजोबांच्या आजोबांनी घडविलेले टाक, हाताने लिहिलेली पोथी, या गोष्टी स्वयंपाकघराच्या खोक्यात नकळत बांधल्या जातात. वस्तू तेवढी जुनी नसेल, पण तशी दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. अंदाजपत्रक देण्यास आलेल्या माणसाला मी स्वतः हाच प्रश्न प्रथम विचारीन. ‘काही होत नाही, कपड्यांत गुंडाळून देतो’ असे उत्तर आले तर पुढील संभाषणाची आवश्यकता नाही.

सामान परक्या दारात पोहोचल्यावर पावती पुढे केली जाते. तिच्यावर ‘सर्व सुस्थितीत मिळाले’ असे बहुधा छापलेलेच असते. ते वाक्य खोडून ‘खोकी मोजून घेतली, उघडून पाहिलेली नाहीत’ असे लिहावे आणि मग सही करावी. १९९३ च्या कायद्याप्रमाणे बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना देण्यास सलग सहा दिवस मिळतात; विम्याच्या पत्रात वेगळी मुदत असू शकते. तेव्हा काचसामानाची खोकी पहिल्याच संध्याकाळी उघडावीत, पुस्तकांची मागाहून.