वाळूत फुलबाग होत नाही, हे कुणी सांगितलं?

पाऊस सरला आणि पर्यटकांचा हंगाम जवळ आला, की तारकर्ली-देवबागकडे लाल मातीचे डंपर सुरू होतात. अंगणातली मर्यादवेल उपटायची, वाळूवर माती पसरायची आणि वर लॉन अंथरायचं. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "रेवेत काय होवचा नाय, आधी माती घालूक व्हयी."

साफ चूक. ज्या वाळूत काही होत नाही म्हणतात, तिथूनच तर फुलांनी भरलेली वेल उपटली जाते!

मर्यादवेल मुळात पुळणीवरचीच. आपट्यासारखं दुभंगलेलं जाड पान, जांभळट गुलाबी फूल, उंची जेमतेम वीतभर. सरपटताना पेरापेराला मुळं फुटतात, म्हणून वाऱ्याने उडणारी वाळू तिच्यात अडते. खारा वारा, तापलेली वाळू, शेणखताचा अभाव, सगळं तिला चालतं. चालत नाही ते साचलेलं पाणी. जांभ्याची चिकट माती वर घातली, की पावसात चिखल, उन्हात टणक थर आणि मुळं कुजायला सुरुवात.

लॉनला तर रोज पाणी हवं. देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणी विहिरीतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. भूजलशास्त्रातल्या गायबेन-हर्झबर्ग सूत्रानुसार गोड्या पाण्याची पातळी 1 फूट उतरली, तर खारं पाणी सुमारे 40 फूट वर सरकू शकतं. लॉनसाठी पंप चालवणाऱ्याने हा आकडा पंपाशेजारीच लिहून ठेवावा. शिवाय किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत अतिसंवेदनशील गटात आहेत. "आमचीच जागा" म्हणून त्या सपाट करता येत नाहीत.

आणखी काही समजुती. फुलं दुपारी मिटतात म्हणजे तहान लागली, असं नाही. फूल एकाच दिवसाचं असतं. मर्यादवेल म्हणजे बेशरमाचं झुडूप नव्हे. फूल सारखं दिसलं तरी जात वेगळी. पिवळी वेडेलिया हा तिला पर्याय नाही. ती अमेरिकेकडची, जगातल्या 100 उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत बसलेली. आणि वेलीपलीकडे समुद्र येत नाही, या भरवशावर घर बांधू नका. ती उडती वाळू धरते, तौक्तेसारख्या वादळाची लाट नाही.

लावायची कशी? मिरगाचा पाऊस स्थिरावला, की हातभर लांबीचे तुकडे घ्या आणि प्रत्येकाची दोन-तीन पेरं वाळूत पुरा. बी लावणार असाल, तर कठीण साल दगडावर घासून रात्रभर भिजत घाला. जागा उघड्या उन्हाची हवी. माडाच्या दाट सावलीत नुसती पानंच वाढतील. जागा ऐसपैसही हवी, तुळशीपुढच्या वाफ्यात ही मावणार नाही. वाटेवर आलेले फाटे बेधडक छाटा, मात्र पावसाळ्यात छाटलेत तर फेकू नका. पुळणीच्या बाजूला वाळू उघडी पडली असेल, तिथे पुरून द्या.