टर्मिनलवरचं मोरचूद

सेल्फ मारला की फक्त ‘टक्’ होतं आणि हेडलाइट मात्र लख्ख लागतात. जालना रोडलगतच्या गॅरेजात उन्हाळ्यात ही तक्रार घेऊन गाड्या येत राहतात, आणि मालकाचा निकाल बहुतेक वेळा आधीच लागलेला असतो : बॅटरी गेली, नवी टाका. मिस्त्री बॉनेट उघडतो आणि काहीही सोडण्याआधी प्लसच्या पोलकडे नीट बघतो. हे बघणं फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. पावडर एकदा पुसली की ती कशामुळे आली याचा पुरावाही तिच्याबरोबर पुसला जातो.

पाचोडकडून आलेल्या एका गाडीच्या प्लसवर निळसर-हिरवा थर चढला होता. मालक मोसंबीवाले. वाकून बघितलं आणि म्हणाले, “मिस्त्री, हे तर मोरचूद दिसतंय.”

अगदी खरं. बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असतं. चार्जिंग होताना आतल्या पाण्याचे वायू होतात, बुडबुडे फुटतात आणि आम्लाचे बारीक कण झाकणाबाहेर पडतात. पोल जिथून झाकणाबाहेर येतो त्या सांध्यातूनही आम्ल वर झिरपतं. पोल शिशाचा, त्यावर ते पांढरी पावडर धरतं. तिथून तारेच्या तांब्यापर्यंत पोचलं की तांब्याचं सल्फेट तयार होतं, म्हणजे मोरचूदच. निळा रंग दिसला की समजावं, आम्ल तार खायला लागलंय.

मोसंबीवाल्यांना पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. बागेसाठी एक टक्का बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण करताना शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालायचा. टर्मिनलच्या बोल्टचंही तेच होतं. तांबं लोखंडावर बसतं, लोखंड झिजतं, आणि दहा नंबरचा पाना नटावरून घसरायला लागतो.

मग दिवे का लागतात? सेल्फला एका दमात दीडशे अँपियरच्या आसपास करंट लागतो. पोल आणि टर्मिनल यांच्यामध्ये या थरामुळे ओहमच्या शंभराव्या भागाइतका जरी अडथळा झाला, तरी दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. हेडलाइटचे दोन बल्ब मिळून नऊ-दहा अँपियर घेतात. त्यांच्या वाट्याला फार तर एक दशांश व्होल्ट कमी येतो. म्हणून दिवे बघून जोडणी ठीक आहे असं म्हणता येत नाही. मल्टिमीटरची एक टोचणी पोलवर, दुसरी टर्मिनलवर ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावं. आकडा शून्याजवळ हवा. या गाडीत तो व्होल्टाच्या वर गेला. मिस्त्री म्हणाला, “काका, बॅटरी चांगली आहे. साफ करू, मग ठरवा.”

आधी मायनस सोडायचा. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. जोडताना उलट : आधी प्लस, शेवटी मायनस. हातमोजे आणि चष्मा हवाच. कोरडा ब्रश मारून ही पावडर उडवू नये, तिच्यात शिसं आहे. झाकणाची बुचं घट्ट करायची आणि पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा कालवून तो थरावर हळूहळू सोडायचा. लगेच फेस येतो. चुना बागेत करतो ते काम इथे सोडा करतो. फेस यायचा थांबला म्हणजे आम्ल संपलं. सोड्याचा थेंबही सेलमध्ये जाता कामा नये, नाहीतर आतलं आम्लही मरतं. साध्या पाण्यानं धुऊन, कोरडं पुसून मग पोल बाहेरून आणि टर्मिनल आतून वायर ब्रशनं घासायचं, शिशाची चकाकी दिसेपर्यंत.

टर्मिनल अडकलं की अनेक जण त्याखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकतात किंवा बसवताना हातोडी मारतात. मला हे बघवत नाही. शिसं मऊ असतं. पोल हलला की झाकणाचा सांधा सैल होतो, आणि आम्लाला वर यायला कायमची वाट मिळते. नट पुरेसा सैल केला की टर्मिनल हातानं वळवून निघतं. घट्ट बसवून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा, म्हणजे हवा आणि ओल आत शिरत नाही. आधी सांध्यात व्हॅसलीन भरून मग टर्मिनल बसवणं चूक, कारण ते वीज वाहत नाही.

आपल्या शहरात आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी बोअर किंवा टँकर असतो, आणि हाताशी आलेलं तेच पाणी बॅटरीतही जातं. बेसाल्टातल्या या जड पाण्यातले क्षार प्लेटांना घातक आहेत. डिस्टिल्ड वॉटरच घालावं, आणि तेही खुणेपर्यंतच. काठोकाठ भरलेली बॅटरी मे महिन्याच्या उन्हात, गरम इंजिनाशेजारी उतू जाते आणि पोलवर पुन्हा पावडर धरते.

मोसंबीवाल्यांची गाडी पहिल्या सेल्फला उचलली. मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवून पोलवर मीटर लावला : 14.2 व्होल्ट. अशा साध्या अल्टरनेटरच्या गाडीत 13.8 ते 14.5 ठीक. “महिनाभरात परत निळं आलं तर नुसतं धुऊ नका, घेऊन या,” तो म्हणाला. मग एक तर सांधा गळतोय किंवा रेग्युलेटर जास्त चार्ज करतोय. दुसरं असेल तर नवी बॅटरीही तशीच उकळून जाईल.