आतड्यातला पॉलिप आणि प्रोस्टेट
बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैलाचे दात पाहून व्यवहार करणारे आपले वडीलधारे स्वतःचे दुखणे मात्र लपवतात. शौचातून रक्त गेले तर मूळव्याध, लघवी अडली तर वय, असे म्हणून सोडून देतात.

मोठ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब, सापडला की घरचे विचारतात, आता प्रोस्टेटचाही कॅन्सर होईल का? एकातून दुसरा होत नाही. मात्र दोन्ही पन्नाशीनंतर वाढतात. लिंच सिंड्रोमसारख्या आनुवंशिक दोषात आतडे व प्रोस्टेट दोन्हींच्या कॅन्सरचा धोका वाढू शकतो. म्हणून घराण्यात कुणाला कॅन्सर झाला होता, हे डॉक्टरांना सांगावे. काही पॉलिप वर्षानुवर्षांनी कॅन्सर बनतात. बहुतेक कोलोनोस्कोपीतच काढता येतात.

शरीर ही अल्लाहची अमानत. आम्ही एवढेच म्हणू, तपासणीची शरम बाळगू नये.