शून्यसुद्धा लिहायचे असते

आकाशातले गरुड मोजायचे कसे, असे मला बरेच जण विचारतात. त्यांना ना कुंपण, ना हजेरीपट! धरमशाळेच्या वर, धौलाधारच्या उतारावर एका मार्च महिन्यात मी पहिल्यांदा दुर्बीण घेऊन बसलो, तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता.

समोर कांगड्याचे खोरे, पाठीशी बर्फाची भिंत. सकाळी बराच वेळ आकाश रिकामे होते. मग ऊन तापले, उतारावरची हवा गरम होऊन वर चढू लागली आणि त्या हवेवर स्वार होऊन पहिला गरुड वर आला. पंख जवळपास दोन मीटरचे, पण हलवत नव्हता. घिरट्या घालत उंची गाठायची, मग पुढे घसरत जायचे आणि पुढच्या उतारावर पुन्हा वर चढायचे, अशी त्याची चाल. पंख मारत गेला तर इतक्या लांबच्या प्रवासाला त्याची ताकद पुरणार नाही. म्हणून तो डोंगराची कड सोडत नाही, आणि म्हणूनच तो मोजता येतो.

हा स्टेप गरुड. मध्य आशियातल्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात तो घरटी करतो. हिवाळ्यात आपल्या पुणे-सोलापूरकडच्या माळरानांवरही तो दिसतो. एरवी हजारो मैलांत विखुरलेले हे पक्षी वसंतात हिमालयाच्या कडेने पूर्वेकडे जाताना एका अरुंद पट्ट्यात येतात. डच अभ्यासक यान विलेम डेन बेस्टेन यांनी २००१ च्या शरदात आणि २००२ च्या वसंतात धरमशाळेजवळ बसून या वाटेची पद्धतशीर नोंद केली.

पहिल्या दिवशी मी मोठी चूक केली. घिरट्या घालणारा थवा दिसला की मोजत सुटलो. गोल फिरणारा पक्षी पुन्हा समोर येतो, तोच मी पुन्हा मोजला! बरोबरच्या अनुभवी सोबत्याने वही बाजूला ठेवायला लावली. म्हणाला, "समोरच्या दोन शिखरांमधून एक रेघ मनात ओढा. गरुड गोल सोडून एकामागे एक निघाले आणि रेघ ओलांडली, की मगच मोजा." त्या दिवसाचा माझा आकडा आम्ही रद्द केला.

दुसरा नियम त्याहून अवघड. प्रत्येक तासाची नोंद करायची: वारा, ढग, किती जण पाहत होते आणि किती पक्षी गेले. एकही गेला नाही तर शून्य लिहायचे. कंटाळून उठून गेलो, तर मात्र शून्य लिहायचे नाही. पक्षी नव्हते आणि आपण नव्हतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? एका वर्षाचा आकडा फारसे सांगत नाही. पाऊस, वारा यांनी तो वरखाली होतो. पण वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने मोजले, तर आकडे बोलू लागतात. इस्राएलमधल्या ऐलातच्या डोंगरांवर वसंतात झालेल्या गणनांत १९८० च्या दशकानंतर स्टेप गरुड फार कमी झाल्याचे दिसले. २०१५ मध्ये हा पक्षी जागतिक यादीत 'संकटग्रस्त' ठरला.

आपल्याकडे गिधाडांच्या बाबतीत जाग उशिरा आली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे ती मरतात, हे २००४ मध्ये उघड झाले. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर बहुतेक गिधाडे संपली होती. पुढे २०१४ मध्ये, राजस्थानात मेलेल्या स्टेप गरुडांच्या शरीरातही तेच औषध सापडल्याचे प्रसिद्ध झाले. तोही मेलेल्या जनावरांवर उतरतो.

मोजल्याने गरुड वाचत नाही, हे मला मान्य आहे. पण तो कमी होतो आहे, हे वेळेत कळायला दुसरा मार्ग नाही. म्हणून ढगाळ दिवशीही आम्ही कड्यावर बसतो, आणि तास संपला की वहीत शून्य लिहितो.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)