दीड तास कुणाचा?

रोजचा दीड तास, वर्षाचे ३६५ दिवस. बेरीज होते ५४७ तास. शिक्षण हक्क कायदा (२००९) म्हणतो की पहिली ते पाचवीच्या मुलांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवलं गेलं पाहिजे. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहा. संध्याकाळचा दीड तास घरात नुसता राखला, तरी कायद्यानं शाळेकडून मागितलेल्या किमान वेळाच्या दोन तृतीयांशाहून जास्त वेळ लेकरांच्या पदरात पडतो. त्याला फी नाही, शिकवणी नाही, रिक्षाही नाही.

दीड तास हा आकडा मी मनानं घेतलेला नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे, वस्ती साधारण तीन हजारांची. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावकऱ्यांची सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून, स्वातंत्र्यदिनापासून, तिथल्या भैरवनाथाच्या देवळावर संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग ज्याला जे बघायचं ते बघावं. मधल्या वेळात अभ्यास, वाचन, गप्पा. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन वर्गांच्या निमित्तानं मुलांच्या हाती फोन आले. शाळा उघडल्या तरी ते हातातून सुटेनात, हे सरपंच विजय मोहिते यांनी तेव्हा पत्रकारांना सांगितलेलं कारण होतं. पहिल्या दिवसांत आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरत होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी गावाच्या ग्रामसभेनं दुसरा ठराव केला. १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. पुढे १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियानं १६ वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती कायद्यानंच बंद केली. बांशी आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात काय साम्य आहे? दोन्हीकडे नियम मुलांना आहे. वडगावचा भोंगा मात्र मुलांसाठी वाजत असला, तरी बंद करायला लावतो तो घरातला टीव्ही आणि बापाच्या हातातला फोन. मला हा फरक सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि आकडे माझ्या बाजूनं आहेत असं मी मानतो.

२००९ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन महिने ते चार वर्षांच्या ३२९ मुलांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रक यंत्रं लावून त्यांच्या कानावर दिवसभर काय पडतं हे मोजलं. घरात टीव्हीचा आवाज चालू असलेल्या प्रत्येक तासामागे मोठ्या माणसांच्या तोंडचे साधारण ७७० शब्द मुलाच्या कानावर कमी पडत होते. मूल टीव्हीकडे बघतंय की नाही, याचा इथे प्रश्नच नाही. मोठी माणसं गप्प होतात, एवढंच पुरेसं असतं. दीड तासाला हिशेब लावला तर सुमारे ११५० शब्द. आजीच्या तोंडून ऐकलेली एक छोटी गोष्ट जवळपास तेवढीच असते.

आता आमच्या मंठ्याकडे येऊ. जालना जिल्ह्यातला हा कापूस-सोयाबीनचा तालुका. फोन इथे किती घरांत पोचला याचा वेगळा आकडा मी देणार नाही, पण ग्रामीण भारताचा आकडा सांगतो तेच आमच्या गल्लीत दिसतं. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०१८ साली शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२२ साली तो जवळपास ७५ टक्क्यांच्या घरी पोचला. चार वर्षांत दुप्पट! स्वस्त डेटानं वाट आधीच सोपी केली होती. २०१४ साली एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत, दहा वर्षांनी नऊ रुपये. एका चहाच्या किमतीत तासभराहून जास्त व्हिडिओ.

‘असर २०२४’मध्ये १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना विचारलं की गेल्या आठवड्यात फोनवर काय केलं. शिक्षणाशी संबंधित काही केलं म्हणणारे ५७ टक्के, समाजमाध्यमं वापरली म्हणणारे ७६ टक्के. म्हणजे ‘अभ्यासाला लागतो’ हे अगदीच खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे.

मग एका आठ-नऊ वर्षांच्या लेकराचा दिवस मांडून बघू. मिनिटं १४४०, गरिबालाही आणि श्रीमंतालाही. या वयाला ९ ते १२ तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. आपण १० धरू, म्हणजे ६०० मिनिटं. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार ६ ते १४ वयाची शिकणारी मुलं शिकण्यात दिवसाला सरासरी ४१३ मिनिटं घालवतात. आंघोळ, जेवण, ये-जा यांना दोन तास द्या. उरतात ३०७ मिनिटं, पाच तासांहून थोडी जास्त. जागतिक आरोग्य संघटना रोज तासभर तरी घाम येईल अशी हालचाल मागते. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना ५ ते १० वर्षांच्या मुलांना स्क्रीन दोन तासांच्या आत ठेवा म्हणते. हे दोन्ही दिलं तरी दोन तास शिल्लक राहतात. वेळ कमी आहे ही ओरड खरी नाही.

बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. फोन या पाच तासांत थांबत नाही. रात्री सगळे आडवे झाले की त्याची खरी पाळी सुरू होते आणि तो झोपेच्या ६०० मिनिटांतून उचल घ्यायला लागतो. सरकारलाही हे दिसलं. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय महाराष्ट्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला तो मुलं उशिरा झोपतात म्हणूनच. निर्णय लेकरांच्या कळवळ्यानं घेतलेला आहे, मला तो पटतोही. पण त्यानं शाळेची घंटा पुढे सरकली. घरातला दिवा किती वाजता विझतो, ते घरानंच ठरवायचं राहिलं.

मंठ्यासारख्या गावाला एक गोष्ट आयती मिळालेली आहे, तिची किंमत आम्हाला नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला, २०१५ साली त्याचा निकाल छापून आला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा, उघड्यावर, सूर्यप्रकाशात नेलं. तीन वर्षांनी नेहमीसारख्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना लांबचं नीट न दिसण्याचा, चष्मा लागण्याजोगा दोष आला होता, तर बाहेर खेळलेल्यांत ३०.४ टक्क्यांना. औषध नाही, यंत्र नाही, नुसतं बाहेर सोडलं. दिल्लीत ‘एम्स’च्या डॉक्टरांनी ९,८८४ शाळकरी मुलं तपासली तेव्हा १३.१ टक्क्यांत हा दोष सापडला. रोज दोन तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्यांत त्याचं प्रमाण कमी होतं. ग्वांगझूला ४० मिनिटांसाठी शाळेचं वेळापत्रक बदलावं लागलं. इथे दार उघडलं की अंगण, अंगणापुढे रान. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा सकाळी नऊच्या आत आणि दिवस कलल्यावर, एवढी सोय पाहिली की झालं. विटीदांडू, लगोरी या खेळांना मैदान आखून घ्यावं लागत नाही. लागतात ती चार पोरं, एकाच वेळी मोकळी असलेली. आता तीच मिळत नाहीत.

जेवणाचं काय होतं ते मी अलीकडेच एका घरी जवळून पाहिलं. चार वर्षांची पोर. तांब्याला टेकवून फोन उभा केलेला, त्यात कुठलंसं रंगीत गाणं. आई वरणात कुस्करलेली भाकर भरवत होती. घास ओठाजवळ आला की तोंड उघडायचं, नजर हलायची नाही. काय खाल्लं, किती खाल्लं, पोट भरलं का, यातलं काहीच त्या लेकराला कळत नव्हतं. फोनची बॅटरी संपली आणि घर डोक्यावर घेतलं तिनं. आई चार्जर शोधायला उठली. तेवढ्यात आजीनं सूप पुढे ओढलं, त्यातल्या भुईमुगाच्या चार शेंगा पोरीच्या पुढ्यात टाकल्या आणि म्हणाली, “फोड बरं ह्या, मला दात नाहीत.” रडणं लगेच थांबलं नाही. पण पहिली शेंग फुटली, दाणा आजीच्या तोंडात गेला, दुसरा स्वतःच्या. मग मुठीत भाकरीचा तुकडा आला, तो तिनं चटणीत बुडवला, तिखट लागलं म्हणून पाणी मागितलं. आई चार्जर घेऊन आली ती तशीच उभी राहिली.

या वयाला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आखून दिलेली मर्यादा आहे: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासाहून जास्त नाही, आणि पळणं-उड्या मारणं धरून हालचाल १८० मिनिटं. ताटापुढचा फोन तीन वेळच्या जेवणातच तो एक तास संपवून टाकतो. पोषणाचे आकडे पाहिले की काळजी वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत. त्याच वेळी वजन जास्त असलेल्या मुलांचं प्रमाण आधीच्या पाहणीतल्या १.९ टक्क्यांवरून ४.१ वर गेलं. उपासमार आणि पाच रुपयांचं पाकीट एकाच गल्लीत नांदतात. ज्वारीची भाकर, मुगाची उसळ, धपाटं आणि दही हे अन्न आमच्या घरात अजून आहे; ते चव घेऊन खायला मात्र डोळे ताटावर हवेत.

आता बापाकडे येतो. वर सांगितलेल्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या पुरुषांपैकी घरातल्या माणसांची, म्हणजे मुलंबाळं धरून सगळ्यांची, देखभाल करणारे निघाले २१.४ टक्के. पाचांत एक. जे करतात त्यांचाही दिवसाचा वेळ ७४ मिनिटं. बायकांत हे प्रमाण ४१ टक्के आणि वेळ १४० मिनिटं. शिवाय स्वयंपाक, धुणी-भांडी यांची ३०५ मिनिटं वेगळी. घरात मोबाइल कमी करा म्हणणारी सगळी भाषणं शेवटी आईच्या डोक्यावर येऊन पडतात, आणि ती आधीच सात तासांचं काम करून बसलेली असते. तिनं पोराच्या हातात फोन दिला तो चूल सांभाळायला दिला. वडगावच्या दीड तासात बापाचा फोन खाली ठेवला जातो. तो वेळ पोराजवळ बसून गेला तर रोज ९० मिनिटं, म्हणजे त्या ७४ हूनही जास्त.

आणखी एक धोका सांगतो. ‘असर २०२३’मध्ये स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलांत स्वतःचा फोन असलेले ४३.७ टक्के होते, मुलींत १९.८. आमच्या जिल्ह्यात २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. अशा ठिकाणी ‘मुलांना फोन नको’ हा ठराव सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत कडक लागू होतो तो मुलीला. तिचा फोन जातो, भावाचा राहतो. सगळ्या घराचा एकच दीड तास असला तर ही गडबड होत नाही.

पण वडगावचा भोंगा उचलून मंठ्याच्या देवळावर बसवला की काम झालं, असंही नाही. मंठा, परतूर, घनसावंगी या भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडी, म्हणजे एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात चार-पाच महिने फडावर राहते. ज्या ऊसपट्ट्यात सातला भोंगा होतो, त्याच पट्ट्यात आमच्याकडची माणसं कोपी बांधून असतात. लहान लेकरं सोबत जातात, थोडी मोठी गावात आजी-आजोबांकडे राहतात. त्यांच्यासाठी शाळेच्या आधारानं हंगामी वसतिगृह चालतं, जेवणाची सोय होते. संध्याकाळ मात्र त्या मुलाची एकट्याची असते. त्याच्यासाठी फोन म्हणजे आई.

आणि तिकडे गाडी भरायची पाळी रात्री दहाला लागेल की पहाटे तीनला, हे कोयत्यावरच्या माणसाला ठाऊक नसतं. मिळेल त्या फटीत आई फोन करते. तो नेमका सात ते साडेआठच्या मधे आला तर?

यावर एका आजीची तोड मी पाहिली आहे. स्मार्टफोन पेटीत, कुलूप नाही, नुसतं झाकण. कोनाड्यात बटणाचा जुना फोन, आवाज मोठा करून ठेवलेला. त्यात चित्रं नाहीत, गाणी नाहीत, फक्त घंटी वाजते. ती वाजली की नातू हातातली वही टाकून पळतो. आजी चुलीपुढून उठत नाही. भाकर परतता परतता ती फक्त सांगते, “हळू बोल, सगळं सांग, मग मला दे.”