उन्हाळी सुटीतली घरची शाळा

मुलांना बाहेरगावी धाडणे यंदा जमणार नसेल तर हिरमुसू नका. घरचे सोयाबीन बियाण्याला ठेवले आहे ना? त्यातले सरसकट १०० दाणे मुलांकडून मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी चांगले कोंब त्यांनाच मोजू द्या. पोरांची मोजणी आपल्याहून चोख असते! ७० किंवा जास्त भरले तर बियाणे पेरायला हरकत नाही. थोडे कमी भरले तर एकरी बियाणे वाढवा, फारच कमी असेल तर बदला. शेकडेवारी अशी कायमची ध्यानात राहते, दुबार पेरणीचा एक धोकाही टळतो.

एक दिवस मात्र जिल्ह्यातल्याच असईला न्या. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढून हरली. इतिहासाचे पुस्तक सोबत घ्या, भाकरीही.